दीड इलेक्ट्रॉन-व्होल्टची चूक

पीक काढणीला आले की आमच्या इस्लापूर भागात 'पैसेवारी' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो. जुनी माणसे अजून आणेवारीच म्हणतात. गावातील काही शेते निवडायची, प्रत्येकात दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद असा तुकडा आखायचा, त्यातले पीक कापून-झोडपून त्याचे वजन करायचे आणि त्यावरून साऱ्या शिवाराचे उत्पन्न ठरवायचे. सगळ्या गावाचे पीक काट्यावर घालणे कोणालाच शक्य नसते, म्हणून हा अंदाज. तो चार-पाच पैशांनी चुकला तर काय बिघडले, असे तुम्हाला वाटेल. खरी पैसेवारी ऐंशी असताना कागदावर पंच्याऐंशी लागली, तर फारसे काही बिघडत नाही. पण खरी अठ्ठेचाळीस असताना त्रेपन्न लागली तर? पन्नास पैशांच्या खालचे गाव टंचाईचे समजले जात आले आहे, वरचे नाही. चूक तेवढीच, पाच पैशांची. पहिल्या गावात ती कोणाच्या ध्यानातही येत नाही. दुसऱ्या गावात मात्र तिच्यामुळे दुष्काळच कागदावरून नाहीसा होतो.

मी पदार्थविज्ञान शिकवतो. महसुलाशी माझा संबंध नाही. पण नेमकी अशीच एक चूक मला पुंजयामिकीत भेटली, आणि तीही एका विद्यार्थ्याच्या वहीत.

काही वर्षांपूर्वी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मी हेलियम अणूचे गणित शिकवले होते. ते गणित झकास जमते, उत्तर प्रयोगाच्या अगदी जवळ येते, म्हणून शिकवणाराही खूश आणि शिकणाराही खूश. एका मुलाने घरी जाऊन हौसेने तेच गणित हायड्रोजनच्या ऋण आयनाला लावले. हा आयन म्हणजे एक प्रोटॉन व त्याच्याभोवती दोन इलेक्ट्रॉन. त्याने दाखवलेल्या वहीतील उत्तर सांगत होते की असा आयन अस्तित्वातच असू शकत नाही. असा आयन असतो हे मला ठाऊक होते. म्हणून मी म्हणालो, "कुठेतरी चुकलास, पुन्हा कर," आणि लाल शाईने फुली मारून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी तो परत आला. "सर, तीनदा करून पाहिलो, तेच येऊलालंय." त्या रात्री मी स्वतः कागद घेऊन बसलो. मलाही तेच आले! मुलाचे गणित बरोबर होते. अपुरी होती ती मी शिकवलेली रीत, आणि ती कुठे अपुरी पडते हे मी वर्गात सांगितलेच नव्हते.

ते गणित आज आपण करून पाहू. दहावीपर्यंतचे बीजगणित त्याला पुरते.

हायड्रोजन अणूत एकच इलेक्ट्रॉन असतो. श्रोडिंगर यांनी १९२६ साली मांडलेले समीकरण या अणूसाठी तंतोतंत सुटते आणि त्याची ऊर्जा उणे १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट अशी मिळते. हे 'उणे' कशासाठी, ते आधी समजून घेऊ. विहिरीचा काठ म्हणजे शून्य, आणि काठाखाली जितके खोल तितकी उणे ऊर्जा, असे समजा. अणूतला इलेक्ट्रॉन विहिरीत १३.६ एकके खोल आहे. त्याला काठावर आणून मोकळा करायचा, तर तेवढी ऊर्जा द्यावी लागेल. म्हणजे ऊर्जा जितकी जास्त उणे, तितका इलेक्ट्रॉन घट्ट बांधलेला.

आता हेलियम घ्या. केंद्रात दोन प्रोटॉन, बाहेर दोन इलेक्ट्रॉन. केंद्र प्रत्येक इलेक्ट्रॉनला ओढते, पण इलेक्ट्रॉन एकमेकांना दूरही सारतात. पहिला कुठे आहे यावर दुसऱ्यावरचा जोर अवलंबून आणि दुसरा कुठे आहे यावर पहिल्यावरचा. या गुंत्यामुळे समीकरण लिहिता येते, पण हायड्रोजनसारखे नेटके सूत्र देऊन सुटत नाही. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र या तिघांच्या गतीचा प्रश्न न्यूटनच्या काळापासून अडून बसला आहे, त्याच जातीची ही अडचण. डिरॅक यांनी १९२९ सालीच म्हणून ठेवले होते की रसायनशास्त्राला लागणारे मूलभूत नियम आता हाती आले आहेत, फक्त त्यांतून निघणारी समीकरणे सोडवण्यापलीकडची आहेत. तेव्हापासून आजपर्यंत हायड्रोजनच्या पुढचा सगळा संसार अंदाजी रीतींवर चालला आहे.

हेलियमची खरी ऊर्जा प्रयोगाने ठाऊक आहे. पहिला इलेक्ट्रॉन काढायला २४.६ आणि दुसरा काढायला ५४.४, असे मिळून ७९.० इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. म्हणजे विहिरीचा तळ उणे ७९.० वर आहे. (यापुढे 'इलेक्ट्रॉन-व्होल्ट' हे एकक दरवेळी लिहीत नाही.)

सर्वांत आळशी अंदाज म्हणजे इलेक्ट्रॉनांचे आपसातील भांडण सोडून देणे. मग प्रत्येकाची ऊर्जा हायड्रोजनच्या चौपट, कारण प्रभार दुप्पट झाल्यावर ऊर्जा चौपट होते. आणि दोघांची मिळून उणे १०८.८. हा अंदाज तळ फोडून पार खाली गेला. यापेक्षा बरा अंदाज असा की आधी सोडून दिलेल्या भांडणाची सरासरी काढून ती मिळवायची. ती अधिक ३४ येते, आणि बेरीज उणे ७४.८. चूक पाच टक्क्यांवर आली. सोप्या प्रश्नाचे उत्तर आधी घ्यायचे आणि राहिलेली भानगड लहानशी दुरुस्ती म्हणून मागाहून मिळवायची, या रीतीला क्षोभ पद्धती म्हणतात. तिच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

दुसरी रीत आहे विचरण पद्धती. तिच्यामागचे तत्त्व फार सुंदर आहे. इलेक्ट्रॉन कसे पसरले असतील याचे कोणतेही चित्र तुम्ही मनाने कल्पिले आणि त्या चित्रावरून ऊर्जा काढली, तर ती खऱ्या किमान ऊर्जेच्या खाली कधीच जात नाही. दोर बांधून पोहरा विहिरीत सोडला तर तो मध्येच कपारीला अडकू शकतो, पण तळाच्या खाली काही जाऊ शकत नाही. तेव्हा निरनिराळी चित्रे कल्पून पाहायची आणि ज्या चित्रात पोहरा सर्वांत खाली जाईल ते पत्करायचे.

हेलियमसाठी आपण असे चित्र घेऊ की दोन्ही इलेक्ट्रॉन एकसारखे पसरले आहेत, पण प्रत्येकाला केंद्राचा पूर्ण प्रभार जाणवत नाही, कारण दुसरा इलेक्ट्रॉन थोडासा आडोसा करतो. जाणवणाऱ्या प्रभाराला 'क' म्हणू आणि केंद्रातील प्रोटॉनांच्या संख्येला 'प'. सांगोपांग गणित केल्यावर ऊर्जा अशी मिळते:

ऊर्जा = १३.६ × (२क² − ४पक + १.२५क)

पहिले पद इलेक्ट्रॉनांच्या गतिज ऊर्जेचे, दुसरे केंद्राच्या ओढीचे आणि तिसरे आपसातील प्रतिसारणाचे. 'क' मध्ये हे एक साधे वर्गसूत्र आहे. पूर्ण वर्ग करून पाहा: क = प − ०.३१२५ असताना कंसाची किंमत सर्वांत कमी होते, आणि ती किंमत असते −२क². हेलियमसाठी प = २, म्हणून क = १.६८७५, कंसाची किंमत −५.६९५, ऊर्जा उणे ७७.५. खरी उणे ७९.०. चूक फक्त दोन टक्के! एकच अक्षर बदलून पाहिले आणि निसर्गाच्या इतक्या जवळ गेलो. इथे वर्गात टाळ्या पडतात.

आता प = १ घाला. क = ०.६८७५. कंसाची किंमत −०.९४५. ऊर्जा उणे १२.९.

जरा थांबून या आकड्याचा अर्थ लावू. दोनपैकी एक इलेक्ट्रॉन सोडून दिला आणि दुसरा केंद्रापाशी राहिला, तर उरतो साधा हायड्रोजन अणू, आणि त्याची ऊर्जा उणे १३.६, म्हणजे १२.९ पेक्षा खोल. तेव्हा हा आयन क्षणभरही टिकू नये; एका इलेक्ट्रॉनला हाकलून देऊन दुसऱ्याने खाली बसावे. त्या मुलाच्या वहीत हेच होते.

प्रयोग काय सांगतो? हा आयन आहे. त्याचा जादा इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ०.७५ लागतात. म्हणजे त्याची खरी ऊर्जा उणे १४.३५ च्या आसपास.

आता दोन्ही चुका शेजारी शेजारी ठेवा. हेलियममध्ये ७९.० आणि ७७.५, फरक दीड. हायड्रोजनच्या ऋण आयनात १४.३५ आणि १२.९, फरक पुन्हा दीडच! रीत दोन्हीकडे सारखीच चुकली आहे. फक्त हेलियममध्ये तिच्यापुढे ७९ चा डोंगर होता, म्हणून ती दिसली नाही. आयनाचे असणे-नसणे ०.७५ या बारीकशा फरकावर टांगलेले होते. तिथे दीडच्या चुकीने तो पुसूनच टाकला. ऐंशी पैशांचे गाव आणि अठ्ठेचाळीस पैशांचे गाव, तसेच हे.

माझी आणखी एक चूक इथे कबूल करतो, कारण ती पुष्कळांकडून होते. विचरण पद्धतीचे तत्त्व एकाच बाजूने बोलते. एखाद्या कल्पित चित्राने १३.६ पेक्षा खोल उत्तर दिले असते, तर आयन असल्याचा तो पक्का पुरावा ठरला असता, कारण पोहरा तिथवर गेला म्हणजे तळ निदान तितका खोल आहेच. पण पोहरा १२.९ वर थांबला याचा अर्थ तळ तिथेच आहे असा होत नाही. तो कपारीला अडकलेला असू शकतो. 'सापडला' हा पुरावा असतो; 'सापडला नाही' हा नसतो. विद्यार्थ्याला उत्तर द्यायला हवे होते ते हे: तुझे गणित बरोबर आहे, त्यावरून आयन नाही असे मात्र म्हणता येत नाही.

एवढ्याशा आयनाचे इतके काय, असे कोणी म्हणेल. तर वर पाहा, म्हणजे सूर्याकडे (डोळ्यांनी थेट नव्हे!). सूर्याची कड अशी रेखीव का दिसते? तो वायूचा गोळा आहे. त्याची कड धुक्यासारखी विरळ होत जायला हवी. ५,८०० केल्व्हिनच्या आसपास तापमान असलेल्या त्या थरात हायड्रोजन भरपूर आहे, पण साधा हायड्रोजन अणू दृश्य प्रकाशाला जवळजवळ पारदर्शक असतो. तरीही सूर्याचे वातावरण काहीशे किलोमीटरच्या थरातच अपारदर्शक होऊन जाते. कोण अडवते प्रकाशाला? रूपर्ट विल्ट यांनी १९३९ साली उत्तर सुचवले: हायड्रोजनचा ऋण आयन. सोडियम, मॅग्नेशियम, लोह अशा मूलद्रव्यांतून सहज सुटणारे इलेक्ट्रॉन हायड्रोजन अणूंना चिकटतात. कोट्यवधी हायड्रोजन अणूंमागे असा एखादाच आयन असतो, पण त्याचा जादा इलेक्ट्रॉन इतका सैल असतो की दृश्य प्रकाशाचा कोणताही कण, ज्याची ऊर्जा साधारण १.८ ते ३.१ असते, त्याला उडवून लावतो आणि स्वतः शोषला जातो. हे आयन विरळ होतात तिथून प्रकाश सुटून आपल्याकडे येतो. आपण ज्याला सूर्याचा पृष्ठभाग म्हणतो तो या आयनांनी ठरवलेला आहे. आपले वर्गसूत्र खरे मानले असते, तर सूर्याचा चेहराच समजला नसता.

मग आयन आहे हे गणिताने दाखवले कसे? हिलेरास यांनी १९२९ साली हेलियमसाठी एक युक्ती काढली होती. कल्पित चित्रात त्यांनी दोन इलेक्ट्रॉनांमधील अंतरच घातले, म्हणजे एक जवळ आला की दुसरा बाजूला सरकतो ही गोष्ट चित्रातच आली. त्याच वाटेने बेटे यांनी त्याच वर्षी हायड्रोजनचा ऋण आयन टिकाऊ असल्याचे दाखवले. पण विद्यार्थ्यांना सांगायला मला चंद्रशेखर यांची १९४४ सालची रीत जास्त आवडते. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर तेव्हा अमेरिकेत यर्किस वेधशाळेत होते आणि सूर्यप्रकाशाच्या शोषणासाठी त्यांना हा आयन हवाच होता. त्यांनी विचारले, दोन्ही इलेक्ट्रॉन सारखेच पसरलेले आहेत, हे आपण आधीच का धरून चालतो?

एस.टी.च्या एकेरी आसनावर दोन प्रवासी बसवायचे आहेत, असे समजा. दोघांना सारखी जागा द्यायची म्हटली तर दोघेही अर्धे बाहेर, कोणालाच नीट बसता येत नाही, आणि शेवटी एक जण वैतागून उतरून जातो. पण एकाने ऐसपैस बसायचे आणि दुसऱ्याने नुसते कडेला टेकायचे, असे ठरले तर दोघेही प्रवास करतात. चंद्रशेखर यांनी एका इलेक्ट्रॉनला एक 'क' आणि दुसऱ्याला दुसरा 'क' दिला. (इलेक्ट्रॉन एकमेकांपासून ओळखू येत नाहीत, म्हणून कोण आत व कोण बाहेर या दोन्ही शक्यता त्यांनी सारख्या वजनाने मिळवल्या.) उत्तम उत्तर मिळाले ते १.०४ आणि ०.२८ या किमतींना. आतल्याला जवळजवळ पूर्ण प्रभार, बाहेरचा कसाबसा टेकलेला. ऊर्जा उणे १३.९६! पोहरा १३.६ च्या खाली गेला; आयन आहे हे सिद्ध झाले. बंधन मात्र ०.३६ आले, म्हणजे खऱ्याच्या निम्मेच. त्यात इलेक्ट्रॉनांमधील अंतराचे आणखी एक पद घातल्यावर ते ०.७० पर्यंत गेले.

पाहा, आकडेमोड फार वाढवावी लागली नाही. चित्र बदलावे लागले. पहिल्या चित्रात 'क' ची किंमत हजार दशांश स्थळांपर्यंत काढली असती, तरी आयन सापडला नसता.

आता क्षोभ पद्धतीकडे वळू. तिची खोड निराळी आहे. दुरुस्ती एकदा मिळवून भागले नाही तर दुसरी मिळवा, तिसरी मिळवा. दरवेळी उत्तर सुधारत जाईल, असे आपण सहज धरून चालतो. मीही बरीच वर्षे तसेच धरून चाललो होतो. एक आंदोलक घ्या, म्हणजे स्प्रिंगला बांधलेला कण. पुंजयामिकीत त्याची किमान ऊर्जा, सोयीच्या एककात, ०.५ असते. आता स्थितिज ऊर्जेत विस्थापनाच्या चौथ्या घाताचे एक पद घालून ही स्प्रिंग जरा ताठ करा आणि त्या पदाचा गुणक 'ग' माना. क्षोभ पद्धतीने ऊर्जा अशी येते:

०.५ + (३/४)ग − (२१/८)ग² + (३३३/१६)ग³ − (३०८८५/१२८)ग⁴ + ...

ग = ०.१ ही काही मोठी किंमत नव्हे. एकेक पद मिळवत चला. ०.५७५०, ०.५४८८, ०.५६९६, ०.५४५४. पाचवी दुरुस्ती मिळवली की ०.५८१२. खरे उत्तर ०.५५९१ आहे. दुसऱ्या-तिसऱ्या पदापर्यंत आपण जवळ येत होतो. पुढे जितके कष्ट वाढवू तितके लांब चाललो आहोत. बेंडर आणि वू यांनी १९६९ साली या मालिकेचा कसून अभ्यास केला आणि 'ग' कितीही लहान असला तरी शेवटी ती उधळतेच हे दाखवले. ग = ०.०१ असेल तर ती बराच काळ शहाण्यासारखी वागते (तीन दुरुस्त्यांनंतर ०.५०७२५८, खरे ०.५०७२५६), पण पुढे कधीतरी बिघडतेच.

असे का व्हावे? डायसन यांनी १९५२ साली विद्युत्-गतिकीच्या संदर्भात एक युक्तिवाद केला होता, तो इथे छान लागू पडतो. 'ग' ऋण आहे असे माना. मग फार दूर गेल्यावर चौथ्या घाताचे पद स्प्रिंगवर मात करते आणि जमीन दोन्ही बाजूंना अथांग खाली उतरत जाते. मधल्या खळग्यातला कण आज ना उद्या पाझरून निघून जाणार. त्याला स्थिर अशी किमान ऊर्जाच उरत नाही. 'ग' शून्याच्या किंचित खाली गेला तरी हीच अवस्था. आणि 'ग' च्या घातांची मालिका धन बाजूला गुण्यागोविंदाने वागत असेल, तर तितक्याच लहान ऋण किमतीलाही तिने वागायला हवे. तिथे तर मिळवण्यासारखे उत्तरच नाही! म्हणून ती कुठेच पूर्णपणे वागू शकत नाही. अशी मालिका टाकाऊ मात्र नसते. ती कुठे थांबवायची हे कळले पाहिजे: पदे लहान होत जातात तोवर घ्यायची, वाढू लागली की थांबायचे.

रेणूंकडे गेलो की तिसरीच पंचाईत उभी राहते. पाण्याच्या एका रेणूची एकूण ऊर्जा उणे २,०८० च्या आसपास आहे. पाण्याचे दोन रेणू एकमेकांना धरून ठेवतात तो हायड्रोजन बंध जेमतेम ०.२ चा. एकूण ऊर्जेत एक टक्का चूक झाली तर ती झाली वीस, म्हणजे बंधाच्या शंभर पट. कापसाचा भरलेला ट्रक वजनकाट्यावर चढवायचा, मग ड्रायव्हरच्या खिशातील पोस्टकार्ड काढून तो पुन्हा चढवायचा आणि वजाबाकी करून पोस्टकार्डाचे वजन सांगायचे, असा हा उद्योग आहे. तो जमतो कारण दोन्ही वेळच्या चुका बहुधा सारख्या असतात आणि वजाबाकीत उडून जातात. पण त्या सारख्या नसल्या की फजिती होते. प्रत्येक इलेक्ट्रॉनला बाकीच्यांचे फक्त सरासरी क्षेत्र जाणवते, असे धरणारी हार्ट्री आणि फॉक यांची प्रसिद्ध रीत फ्लोरिनचा रेणू सुटून जावा असे सांगते, आणि अरगॉनचे दोन अणू एकमेकांना मुळीच ओढत नाहीत असेही सांगते. फ्लोरिन वायू आहे. आणि उणे १८६ अंश सेल्सियसखाली अरगॉनचा द्रव होतो.

यापेक्षा चांगल्या रीती आहेत. त्यांची किंमत वेळात मोजावी लागते. हार्ट्री-फॉक रीतीत काम साधारणपणे रेणूच्या आकाराच्या चौथ्या घाताने वाढते. सर्वांत भरवशाच्या समजल्या जाणाऱ्या रीतींपैकी एकीत सातव्या घाताने. एका लहान घटकाला संगणक एक मिनिट घेत असेल, तर तसे दहा घटक जोडून झालेल्या साखळीला तो १०⁷ मिनिटे घेईल. भागाकार करून पाहा: एकोणीस वर्षे! पहिलीत घातलेले पोर एम.एस्सी. होऊन नोकरीला लागेल, तरी उत्तर यायचे.

या ठिकाणी पुण्यात झालेल्या कामाचा उल्लेख केलाच पाहिजे. पुणे विद्यापीठातील डॉ. श्रीधर गद्रे (रसायनविज्ञानासाठी १९९३ चे भटनागर पारितोषिक मिळालेले) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली एक रीत मांडली. तिच्या नावाचा अर्थच 'रेणूंचे शिंपीकाम' असा आहे. मोठा रेणू एकमेकांवर चढणाऱ्या तुकड्यांत कापायचा, प्रत्येक तुकड्याचे गणित वेगळे करायचे आणि मग शिवायचे. शिवण्याचे सूत्र तुम्ही संचांच्या धड्यात शिकला आहात: दोन संचांच्या संयोगातील घटक म्हणजे दोहोंची बेरीज वजा छेदातील घटक. तसेच इथे, दोन तुकड्यांच्या ऊर्जांची बेरीज करायची आणि सामाईक भागाची ऊर्जा वजा करायची, कारण ती दोनदा मोजली गेली.

आपल्या दहा घटकांच्या साखळीवर हे करून पाहू. १ ते ४, ३ ते ६, ५ ते ८ आणि ७ ते १० असे चार-चारांचे चार तुकडे. दोन-दोनांचे तीन सामाईक भाग. वेळ: ४ × ४⁷ अधिक ३ × २⁷, म्हणजे ६५,९२० मिनिटे. सेहेचाळीस दिवस! आणि चार तुकडे चार संगणकांना वाटून दिले तर बारा दिवसांच्या आत काम होते. ज्यांच्याकडे अवाढव्य संगणक नाही, त्यांनाही साध्या संगणकांचा ताफा जोडून मोठ्या रेणूला हात घालता येतो, ही या रीतीतील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे.

शिंपीकामाला मर्यादा आहेत, आणि त्या कापड कसे आहे यावर ठरतात. कापताना बंध तुटतात. तुटलेल्या टोकांना हायड्रोजन अणूंची ठिगळे लावावी लागतात. एकेरी बंधांच्या साखळीत इलेक्ट्रॉन आपापल्या जागी राहतात, तिथे हे खपून जाते. बेंझिनच्या कड्यात इलेक्ट्रॉन साऱ्या कड्यावर पसरलेले असतात. त्यातून कात्री चालवली तर नक्षीच फाटते. शिवाय पहिला तुकडा आणि चौथा तुकडा यांची दुरून होणारी ओढाताण कोणत्याच तुकड्यात मोजली जात नाही. तिच्यासाठी याच मंडळींनी पुढे कलम करण्याची युक्ती वापरली: एखाद्या स्वस्त रीतीने अख्ख्या रेणूचे गणित एकदा करायचे, त्याच स्वस्त रीतीने तुकड्यांचेही करायचे, आणि दोहोंमधील फरक महागड्या रीतीच्या शिवलेल्या उत्तराला जोडायचा. तुकडे केल्याने होणारी चूक दोन्ही रीतींत जवळपास सारखीच असेल, असा भरवसा यामागे आहे. तो ठीक आहे की नाही हे पाहण्यासाठी, ज्या आकाराचा रेणू पूर्ण सोडवता येतो त्यावर आधी ताळा घेतात.

शिक्षक वाचकांना एक विनंती. हेलियमचे गणित वर्गात जरूर करा, पण ज्या दिवशी ते कराल त्याच दिवशी प = १ घालून दाखवा. पाच मिनिटे लागतात. टाळ्या मात्र पडत नाहीत.

आणि विद्यार्थ्यांनो, लिथियमच्या धन आयनात तीन प्रोटॉन आणि दोन इलेक्ट्रॉन असतात. प = ३ घालून ऊर्जा काढा. प्रयोगानुसार त्याचे दोन इलेक्ट्रॉन काढायला अनुक्रमे ७५.६ आणि १२२.५ लागतात. तुमच्या उत्तराशी फरक किती येतो तो पाहा. दीडच्याच आसपास येईल. प वाढत गेला तरी ही चूक फारशी वाढत नाही, ती का, याचा विचार करून ठेवा. त्या मुलाने मला पुढचा प्रश्न हाच विचारला होता, आणि त्या वेळी मी फुली मारली नाही.